बोय गळाला लागते का?

प्रश्न : पुसदजवळच्या पूस धरणावर मी गळ टाकतो. दिवाळीत मालवणला जायचंय. उथळ खाडीतली बोय फ्लाय रॉडने लागेल का?

उत्तर : लागेल, पण दमवेल. बोय शिकारी नव्हे. चिखलावरचं शेवाळ खरवडायचं, वाळूसकट गिळायचं आणि जाड स्नायूंच्या पोटात दळायचं, हा तिचा धंदा. चमचमत्या आमिषाकडे ती ढुंकून पाहत नाही.

देवबागच्या बाजूला कर्लीच्या खाडीत भरतीचं पाणी चढू लागलं की काठाकडे पाहत राहा. गुडघाभर पाण्यात पाठी दिसतील. १० किंवा १२ नंबरच्या गळावर बांधलेली हिरवट, बारीक फ्लाय थव्याच्या पुढे टाका आणि जवळजवळ ओढूच नका. थव्यावर पडली तर सगळ्या उधळतात. (उड्या मारणारी बोय सहसा खात नसते, तिच्या मागे लागू नका.) ओठ मऊ असतात, हिसका दिलात की गळ सुटलाच. रॉड नुसता उचला.

सराव घरीच होईल. तुमच्याकडचा मृगळही तळाचा गाळ चरणारा. मात्र धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तेव्हा आधी त्यांची परवानगी घ्या.