सायकलस्वाराचा गॉगल : किंमत आणि मूल्य

किंमत आणि मूल्य यांतील भेद वाणिज्य शाखेत प्रारंभीच शिकविला जातो. सायकलस्वाराने गॉगल निवडतानाही तो स्मरावा.

काच जितकी काळी, तितके डोळ्यांचे रक्षण अधिक, ही समजूत चुकीची आहे. गडद काचेमागे डोळ्याची बाहुली विस्फारते. काच अतिनील किरण अडवीत नसेल, तर ते उलट अधिक प्रमाणात आत शिरतात. म्हणून ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण रोखणारी, 'यूव्ही ४००' काच ही पहिली अट होय. पॉलिकार्बोनेट मुळातच बहुतांश अतिनील किरण शोषून घेते आणि खडा उडाल्यास सहसा फुटत नाही; त्यामुळे हे संरक्षण महागडे नसते.

दुसरी अट बांधणीची. फ्रेम हलकी व चेहऱ्याला लपेटणारी असावी. घाटाच्या उतारावर वाऱ्याने डोळ्यांत पाणी आले, तर समोरचा खड्डा दिसत नाही. शर्यतीत मान झुकलेली असते. तेव्हा फ्रेमची वरची कड दृष्टीआड येऊ नये. दुकानात वाकून पाहावे.

भर उन्हात ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडणारी, श्रेणी ३ची काच पुरते. पहाटे पारदर्शक काच बरी. श्रेणी ४ची काच रस्त्यावर वापरू नये.

नाममुद्रेवरील खर्च टाळता येईल. दृष्टी मात्र पुन्हा न उभारता येणारे भांडवल आहे.