तांबड्या वाइनची परीक्षा : द्राक्षबागाईतदारांस कांहीं सूचना

महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केल्यापासून नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. शिराझ, कॅबर्ने सोव्हिनॉन या जातींचे घड आपण पिकवितों व वायनरीस देतों. माल घेतांना साखर मोजतात. परंतु त्याची वाइन कशी उतरली, हें मात्र दुसऱ्याची जीभ ठरविते. ज्यास ती परीक्षा येत नाहीं, त्यास आपल्या मालाची बाजूहि मांडतां येत नाहीं. या अभ्यासास भारी बाटली नको. लांकडी पिंपांत मुरविलेल्या वाइनमध्यें लांकडाचा वास मिसळतो. साध्या, ताज्या वाइनमध्यें द्राक्षाचे गुणदोष उघडे राहतात.

वाइन १६ ते १८ अंश सेंटिग्रेड असावी. उन्हाळ्यांत बाटली कांहीं वेळ गार पाण्यांत ठेवावी. फार उष्ण असल्यास मद्यार्क नाकांत भरतो. फार गार असल्यास वास दबतो व तुरटपणा टोंचतो. पेला तोंडाशीं अरुंद असावा व एकतृतीयांशच भरावा.

(१) रंग. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. गर बहुधा बिनरंगी असतो. रंग सालींतून येतो. ताज्या वाइनची कड जांभळट, जुनीची विटकरी. नवी असून कड विटकरी दिसली, तर तिला हवा लागली असावी.

(२) वास. प्रथम पेला स्थिर ठेवून, मग फिरवून वास घ्यावा. पिकलेल्या फळांचा स्वच्छ वास उत्तम. कॅबर्नेस हिरव्या ढोबळ्या मिरचीचा उग्र वास आल्यास घड दाट पानांच्या सावलींत राहिले किंवा कच्चे तोडले, असा संशय घ्यावा. कुजक्या अंड्याच्या वासाचीं कारणें दोन : आंबतांना यीस्टास नत्र अपुरें पडणें, अथवा भुरीसाठीं तोडणीच्या तोंडावर मारलेलें गंधक रसांत उतरणें. पहिलें वायनरींत सुधारतां येतें. दुसरें आपल्याच हातीं आहे. शिरक्याचा वास नासक्या मण्यांमुळें किंवा वाइनला हवा लागल्यामुळें येतो.

(३) चव. लहान घोंट तोंडांत सर्वत्र फिरवून थुंकून टाकावा. कसलेले परीक्षकहि असेंच करतात. नशा चढली कीं परीक्षा संपली. आंबटपणानें तोंडास पाणी सुटतें. साल व बिया यांच्या तुरटपणानें जांभळाप्रमाणें हिरड्या आंवळतात. दोन्हींचा मेळ असावा व चव कांहीं काळ रेंगाळावी. वाइन पाणचट लागल्यास वेलीवर घड जास्त ठेवले काय, किंवा मणी भरतांना पाणी अधिक दिलें काय, हें आठवावें.

दोन बाटल्या कागदांत गुंडाळून शेजारीं शेजारीं चाखाव्या, म्हणजे नांवाची भुरळ पडत नाहीं. छाटणी, शेवटची फवारणी व तोडणी यांच्या तारखा लिहितों, त्याच वहींत पुढें चवीचीहि नोंद करावी. दोन-तीन हंगामांत बागेंतील कोणती चूक पेल्यांत उतरते तें कळूं लागेल, आणि भावाच्या बोलण्यास बसतांना हाती पुरावा असेल.