हार्ड डिस्क बदलताना

कॉम्प्युटरमधून 'टक् टक्' आवाज येऊ लागला, फाइल उघडायला उशीर होऊ लागला, की हार्ड डिस्कचे दिवस भरत आले असं समजावं. नवी डिस्क आणण्याआधीचं काम म्हणजे जुनीवरचा डेटा उतरवून घेणं. मी पिंपळगाव रेणुकाईचा. आमच्याकडे मिरचीचा बाजार मोठा. आडतीचा सीझनभराचा हिशेब एकाच डिस्कवर असेल, तर डिस्क जाते हजारांची, पण हिशेब अडकतो लाखांचा. होस्टेलवर आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टचंही तेच!

खरेदीपूर्वी कॅबिनेट उघडून केबल पाहा. रुंद, चपटी ४० पिनांची पट्टी म्हणजे आयडीई. अरुंद, ७ पिनांची म्हणजे साटा. साटा असेल तर विंडोजसाठी एसएसडी घ्या, वेगातला फरक लगेच जाणवतो. मात्र २.५ इंची एसएसडी ३.५ इंची खणात बसवायला ब्रॅकेट लागतो. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसली, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

बसवताना प्लग काढा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवा. डिस्क कडेने धरा, सर्किटला बोट लावू नका. दोन्ही बाजूंनी स्क्रू लावा. सैल राहिलेली हार्ड डिस्क थरथरते. साटा केबलच्या तोंडाचा 'एल' आकार जुळवून ती सरळ दाबा. मग बायोसमध्ये डिस्क दिसते का, ते बघा.

आणि हो, नव्या डिस्कवरच्या फाइली उघडून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क भंगारात देऊ नका!