शुभवर्तमाने लिहिली कोणी?

प्रश्न : मत्तय आणि योहान हे येशूचे शिष्य होते, म्हणून त्यांच्या नावाची शुभवर्तमाने ही डोळ्यांनी पाहिलेली हकीकत आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अलीकडे एका व्याख्यानात मात्र ऐकले, की मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांपैकी कोणीही ही पुस्तके लिहिलेली नाहीत. मग लिहिली कोणी? आणि नावेच खोटी असतील तर आतल्या मजकुराचे काय?
– एक वाचक, वसई

उत्तर : व्याख्यात्याने सांगितले त्यातला अर्धा भाग पक्का आहे, उरलेला अर्धा अनुमानाचा आहे. पक्का भाग असा, की चारही शुभवर्तमानांत लेखकाने स्वतःचे नाव कुठेही दिलेले नाही. आपण शीर्षकात जी नावे वाचतो ती पुस्तकाच्या मजकुराचा भाग नाहीत. पण एवढ्यावरून नावे खोटी ठरत नाहीत. जुन्या करारातली शमुवेल आणि राजे ही इतिहासाची पुस्तकेही निनावीच आहेत. त्या परंपरेत वाढलेल्या लेखकाला घडलेल्या गोष्टीपुढे स्वतःचे नाव महत्त्वाचे वाटले नसावे.

या विषयात गोंधळ होतो तो तीन गोष्टी एकत्र केल्यामुळे. पुस्तक स्वतःविषयी काय सांगते, पुढच्या पिढ्यांनी त्याच्याविषयी काय सांगितले आणि आजचे अभ्यासक मजकुरावरून काय ताडतात, हे तीन वेगळे साक्षीदार आहेत. त्यांची जबानी वेगवेगळी घेऊ.

आधी पुस्तकांची स्वतःची जबानी. लूक पहिल्या चारच वचनांत आपली पद्धत सांगून टाकतो. आपल्याआधी अनेकांनी हा वृत्तान्त लिहायला घेतला होता, मूळ माहिती प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आली आणि आपण ती तपासून नीट क्रमाने मांडत आहोत, असे तो थियफिल नावाच्या कोणा प्रतिष्ठित माणसाला उद्देशून लिहितो. म्हणजे आपण साक्षीदार नाही, हे त्याने स्वतःच कबूल केले आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तकही याच थियफिलासाठी, याच लेखकाने लिहिलेले. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशूच्या एका आवडत्या शिष्याने ही साक्ष दिली आणि लिहिली, असे म्हटले आहे. पण त्याच ठिकाणी ती साक्ष खरी असल्याचे ‘आम्हाला’ ठाऊक आहे, असेही म्हटले आहे. हे ‘आम्ही’ त्या शिष्याहून वेगळे, बहुधा त्याच्या भोवती जमलेल्या मंडळीतले. आणि त्या शिष्याचे नाव संपूर्ण पुस्तकात कुठेच येत नाही. मत्तय आणि मार्क लेखकाबद्दल एक शब्दही बोलत नाहीत.

दुसरा साक्षीदार परंपरा. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसचा बिशप पापियास याने दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात काही आठवणी नोंदवल्या. त्याचे पुस्तक हरवले, पण चौथ्या शतकातल्या युसेबियस या इतिहासकाराने त्यातले उतारे जपले. पापियास म्हणतो, की मार्क हा येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचा दुभाषी होता आणि पेत्राकडून ऐकलेले त्याने काळजीपूर्वक, पण क्रमवार नव्हे, लिहून ठेवले. आणि मत्तयाने प्रभूची वचने इब्री बोलीत संकलित केली. इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा जस्टिन ‘प्रेषितांच्या आठवणी’ एवढेच म्हणतो, चार नावे घेत नाही. चारही नावे एकत्र आणि ठामपणे येतात ती इ.स. १८०च्या सुमारास, आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरी बिशप असलेल्या इरेनियसच्या लेखनात.

परंपरेच्या बाजूने एक मुद्दा सांगितलाच पाहिजे. शीर्षक शिल्लक असलेल्या जुन्या हस्तलिखितांत या पुस्तकांना दुसऱ्याच कोणाचे नाव दिलेले आढळत नाही. शिवाय नावे मनाने चिकटवायची असती तर मार्क आणि लूक कशाला निवडले असते? ते बारा शिष्यांत नव्हते. वजनदारच नाव हवे होते तर पेत्राचे जवळ होते.

आता तिसरा साक्षीदार, मजकूर. मार्क, मत्तय आणि लूक शेजारी ठेवून वाचा. तिघांतले कितीतरी प्रसंग त्याच क्रमाने आणि अनेकदा त्याच ग्रीक शब्दांत येतात. मार्कमधला सुमारे ९० टक्के ऐवज मत्तयात सापडतो. तीन माणसांनी स्वतंत्रपणे आठवून लिहिले तर इतके जुळत नाही. कोणीतरी कोणाचे तरी पुस्तक समोर ठेवले होते. बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्क सर्वांत जुना, आणि मत्तय व लूक यांनी तो वापरला. त्याची एक खूण पाहा. मार्क सुरुवातीलाच एक भविष्यवचन यशयाच्या नावावर देतो. प्रत्यक्षात त्याचा पहिला भाग मलाखीच्या पुस्तकाशी जुळतो. मत्तयाने तो प्रसंग सांगताना मलाखीचा भाग त्या जागेवरून काढला आणि यशयाचा तेवढा ठेवला. दुरुस्ती करणारा नंतर येतो, हा इथला तर्क.

याच तर्काने मत्तय या शिष्याच्या लेखकपणावर प्रश्नचिन्ह लागते. जो स्वतः येशूबरोबर हिंडला, तो बारा जणांत नसलेल्या मार्कच्या लेखनावर इतका का विसंबेल? जकातनाक्यावरून मत्तयाला बोलावल्याचा प्रसंगसुद्धा त्या पुस्तकात तृतीय पुरुषी आहे आणि जवळजवळ मार्कसारखाच सांगितला आहे. मार्कमध्ये त्या जकातदाराचे नाव मात्र लेवी आहे.

मत्तय आणि लूक यांच्यात मार्कमध्ये नसलेली बरीच वचनेही समान आहेत. ती आज हरवलेल्या एखाद्या वचनसंग्रहातून आली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. लूकने सरळ मत्तयच वाचला होता, असे म्हणणारेही आहेत. त्या संग्रहाचा एक चिटोराही सापडलेला नाही, त्यामुळे हा वाद मिटलेला नाही.

मग ही पुस्तके केव्हाची? येशूच्या हयातीतली नक्कीच नाहीत ना?

नाहीत. पंतय पिलात हा यहूदियाचा रोमन अधिकारी इ.स. २६ ते ३६ या काळात होता. येशूला क्रुसावर दिले ते याच काळात, बहुधा ३० किंवा ३३ साली. येशूने स्वतः लिहिलेले काही उरलेले नाही. तो गालीलातली अरामी बोलत असे. पहिल्या अनुयायांची श्रद्धा होती, की तो लवकरच परत येणार. अशा माणसांना भावी पिढ्यांसाठी ग्रंथ लिहिण्याची घाई नसते. त्याच्या गोष्टी आणि वचने तोंडी फिरत राहिली.

लिहिण्याची गरज पडली ती दूरच्या मंडळ्यांतली भांडणे सोडवायला. म्हणूनच नव्या करारातले सर्वांत जुने लेखन म्हणजे प्रेषित पौलाची पत्रे. त्याच्या काळाचा एक पक्का खुंटा ग्रीसमधल्या डेल्फी इथे सापडला. तिथल्या शिलालेखात सम्राट क्लौदियाच्या पत्रात गल्लियो या अखयाच्या सुभेदाराचा उल्लेख आहे आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ.स. ५१-५२च्या सुमारास बसते. ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते, की करिंथात पौलाला याच गल्लियोपुढे उभे केले होते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र याच वर्षांच्या आसपासचे.

इ.स. ६६मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध बंड केले आणि ७० साली रोमन सेनापती तीताच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जमीनदोस्त केले. मार्क या घटनेच्या थोडा आधी किंवा लगेच नंतर लिहिला गेला, असे बहुतेकांचे मत आहे. प्रत्यक्षदर्शींची पिढी संपत आली होती आणि धर्माचे केंद्र जळून गेले होते. लिहून ठेवण्याची निकड आता कळण्यासारखी आहे. मत्तय आणि लूक साधारण ८० ते ९०च्या दशकांतले आणि योहान शतकाच्या अखेरचा, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

नव्या करारातली सर्व २७ पुस्तके ग्रीकमध्ये आहेत, कारण पूर्व भूमध्य सागराच्या शहरांत तीच सर्वांना समजे. मार्कचे वाचक यहुदी नव्हते, हेही पुस्तकावरूनच दिसते: हात धुण्याचा यहुदी रिवाज आणि अरामी शब्द तो थांबून समजावून देतो.  

पौलाने तर आपले नाव लिहिले आहे. ती पत्रे तरी नक्की त्याचीच ना?

त्याच्या नावाची पत्रे १३ आहेत. त्यांपैकी सात – रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, पहिले थेस्सलनीकाकरांस आणि फिलेमोनाला – ही पौलाचीच, यावर अभ्यासकांत जवळपास एकमत आहे. उरलेल्या सहांबद्दल मतभेद आहेत. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या तीन पत्रांतली शब्दसंपदा आणि मंडळीची घडी बसलेली व्यवस्था पाहता ती पौलानंतरच्या पिढीतली असावीत, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात.

‘तुका म्हणे’ अशी मुद्रा असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा नसतो, हे आपल्याला परके नाही. गुरूच्या नावाने लिहिण्यामागे भक्ती असू शकते आणि आपले म्हणणे पुढे रेटण्याची युक्तीही. पौलाच्या बाबतीत कोणते होते, हे पत्रागणिक तपासावे लागते. त्यात आणखी एक गुंता आहे. पौल पत्रे सांगून लिहवून घेई. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी तर्तियस हा लेखनिक मधेच स्वतःचा सलाम कळवतो, आणि गलतीकरांच्या पत्रात पौल आपल्या हाताच्या मोठ्या अक्षरांकडे लक्ष वेधतो. लेखनिकाला किती मोकळीक होती, यावरही शैलीतला फरक अवलंबून असेल.

इब्री लोकांस पत्र यात मोजलेले नाही, कारण त्यात पौलाचे नावच नाही. ते कोणी लिहिले ते देवालाच ठाऊक, असे तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताने सांगून टाकले होते.

चारच शुभवर्तमाने निवडून बाकीची सम्राट कॉन्स्टंटाइनने निकायाच्या परिषदेत बाद केली, हे खरे का?

ही गोष्ट कादंबऱ्यांनी लोकप्रिय केली. इ.स. ३२५च्या त्या परिषदेपुढे मुख्य वाद एरियसच्या शिकवणुकीचा होता, म्हणजे ख्रिस्त पित्याच्या तोडीचा आहे की नाही याचा. ईस्टरच्या तारखेचा प्रश्नही होता. परिषदेने शिस्तीचे २० नियम केले. शास्त्रातल्या पुस्तकांची यादी त्यांत नाही. इरेनियसने चारच शुभवर्तमानांचा आग्रह धरला तो तिच्याआधी सुमारे दीडशे वर्षे.

यादी हळूहळू ठरली. १४०च्या सुमारास मार्शन नावाच्या एका शिक्षकाने लूकचे एक संक्षिप्त रूप आणि पौलाची दहा पत्रे एवढेच शास्त्र मानले, तेव्हा इतरांनाही आपली यादी स्पष्ट करावी लागली. इब्री लोकांस पत्र, पेत्राचे दुसरे पत्र, प्रकटीकरण यांच्यावर बराच काळ वाद चालला. आजची २७ पुस्तके नेमकी मोजून देणारी पहिली ज्ञात यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या इ.स. ३६७च्या पत्रात आहे. तरीही सिरियाक भाषेच्या जुन्या पेशित्ता बायबलात २२च पुस्तके राहिली.

बाहेर राहिलेल्या लेखनातला महत्त्वाचा भाग आज वाचायला मिळतो. १९४५ साली इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ कॉप्टिक भाषेतल्या पोथ्या सापडल्या. त्यांत थोमाच्या नावाचे शुभवर्तमान आहे; त्यात ११४ वचने आहेत, पण कथानक नाही.

मूळ प्रती आज कुठे आहेत? नंतर बदल झाले नाहीत कशावरून?

मूळ प्रत एकाही पुस्तकाची उरलेली नाही आणि बदल झाले आहेत. बराच जुना म्हणून ओळखला जाणारा योहानाचा एक पपायरसचा तुकडा मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. तो तळहाताहून लहान असून अक्षराच्या वळणावरून दुसऱ्या शतकातला मानला जातो. संपूर्ण नवा करार असलेली सर्वांत जुनी प्रत म्हणजे चौथ्या शतकातली कोडेक्स सिनायटिकस. सिनाय डोंगराच्या मठातल्या या पोथीचा मोठा भाग आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ग्रीक हस्तलिखिते ५,०००हून अधिक असल्यामुळे बदल लपत नाहीत. बहुतेक फरक शुद्धलेखनाचे आणि शब्दक्रमाचे आहेत, पण काही मोठेही. सिनायटिकस आणि व्हॅटिकनची पोथी या दोन्हींत मार्क १६व्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी, रिकाम्या कबरीपासून भेदरून पळणाऱ्या स्त्रियांशी, संपतो. पुढची १२ वचने तिथे नाहीत. व्यभिचाराच्या आरोपावरून धरून आणलेल्या स्त्रीची सर्वांना ठाऊक असलेली गोष्टही योहानाच्या सर्वांत जुन्या प्रतींत आढळत नाही. आजच्या अनेक आवृत्त्या हे भाग कंसात किंवा तळटीप देऊन छापतात.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे. लेखकाचे नाव अनिश्चित असले म्हणून मजकूर निकामी होत नाही. त्याचे वजन कसे करायचे ते बदलते. पहिल्या शतकातल्या मंडळ्या येशूविषयी काय आठवत आणि काय मानत होत्या, याची ही पुस्तके भक्कम साक्ष आहेत. त्यापुढचा विश्वास हा ज्याचा त्याने ठरवायचा प्रश्न आहे, तो हस्तलिखिते सोडवू शकत नाहीत. स्वतः पडताळून पाहायचे असेल तर नवा करार छापील क्रमाने न वाचता लेखनाच्या क्रमाने वाचा: आधी थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र आणि गलतीकरांस पत्र, मग एका बैठकीत मार्क, नंतर मत्तय आणि लूक, शेवटी योहान. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे. मार्क वाचताना हाताशी मत्तयाचीही प्रत उघडी ठेवा आणि जुळणाऱ्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारत चला. दोन-तीन अध्यायांतच कोणी कोणाचे वाचले होते, याविषयी तुमचे स्वतःचे मत तयार होईल.