मनोरुग्ण, न्यायासन आणि आपले कर्तव्य
(धम्मवर्गासाठी अभ्यासपाठ)



आजच्या पाठाचा विषय पाहून तुमच्यापैकी कित्येकांना वाटेल की, याचा आणि आपल्या घराचा संबंध काय? आपल्या घरात ना कुणी वेडा आहे, ना कुणी गुन्हेगार. परंतु मनाचा आजार हा जात पाहून येत नाही, धर्म पाहून येत नाही आणि दीक्षा घेतली म्हणून दारावरून परतही जात नाही. तो जिथे लपवला जातो त्या घराच्या उंबऱ्याशी एखादे दिवशी पोलीस येऊन उभा राहतो आणि मग घरच्यांना काहीच सुचत नाही. म्हणून हा पाठ नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

आपण अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याचे उदाहरण घेऊ. प्रवरा नदीवर १९२६ साली पुरे झालेले धरण, त्याच्या पाण्याकाठी शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी डोंगरातली गावे. पावसाळ्यात येथे पाऊस असा कोसळतो की चार-चार दिवस घराबाहेर पडणे मुश्कील. पोलीस ठाणे राजूरला, न्यायालय अकोल्याला, आणि सरकारी मनोरुग्णालय थेट पुण्याला, येरवड्यात. अशा ठिकाणी मनाचा आजार घरात शिरला तर काय होते?

समजा, एका वाडीत बावीस वर्षांचा मुलगा आहे. तो रात्र-रात्र झोपत नाही. एकटाच पुटपुटतो. 'मला जेवणातून विष घालतात' म्हणून ताटावरून उठतो. घरचे म्हणतात, लागीर झाले. भगताकडे नेतात. अंगारा होतो, उतारा होतो, कोंबडे जाते. गुण येत नाही म्हणून पोराला दोरीने गोठ्यात बांधतात. वर्ष जाते. एके दिवशी तो सुटतो आणि 'हाच माझा वैरी' असे म्हणून शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घालतो. मग फिर्याद, पंचनामा, कोठडी. आई रडत सांगते, "साहेब, त्याचं डोकं ठिकाणावर नाही हो." साहेब विचारतात, "डॉक्टरचा कागद आहे का?" कागद कुठून असणार? अंगाऱ्याची पावती मिळत नसते!

बंधू-भगिनींनो, या कल्पित मुलाचे पुढे काय होईल, हे समजून घेण्यासाठीच आजचा पाठ आहे.

विनयातील गग्ग भिक्खू

तथागतांच्या शिकवणीत कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. ज्याचे चित्तच जाग्यावर नाही त्याचा हेतू कसा धरायचा? म्हणून भिक्खूसंघाच्या विनयात नियम सांगताना, जो उन्मत्त आहे, ज्याचे चित्त विक्षिप्त झाले आहे, जो वेदनेने व्याकूळ आहे, त्याला आपत्ती, म्हणजे दोष, लागत नाही असे जागोजागी सांगितले आहे.

चुल्लवग्गात गग्ग नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. त्याला वेड लागले होते, आणि त्या अवस्थेत त्याने श्रमणाला न शोभणारे पुष्कळ काही केले व बोलले. पुढे तो बरा झाला. तरी इतर भिक्खू त्याला टोचू लागले की, 'तू हा अपराध केलास, तुला आठवतो का?' तो सांगे, 'मी वेडा झालो होतो, भ्रमात केले, मला आठवत नाही.' तरी ते ऐकेनात. तेव्हा भगवंतांनी संघाला सांगितले की, याला 'अमूळ्हविनय' द्या. म्हणजे हा आता शुद्धीवर आहे आणि वेडाच्या काळातला दोष त्याच्यावर लादता येणार नाही, असा रीतसर निर्णय द्या.

पण लक्षात घ्या, येथे भोळी दया नाही. ज्याला केलेले आठवते पण 'आठवत नाही' म्हणतो, किंवा जो वेडाचे सोंग घेतो, त्याला हा निर्णय देणे अधर्माचे होईल, हेही तेथेच सांगून ठेवले आहे. खरा रोगी आणि सोंगाडा यांची पारख करूनच न्याय द्यायचा, हा दंडक आहे.

कायदा तीन वेळा विचारतो

इंग्लंडमध्ये १८४३ साली मॅकनॉटन नावाच्या मनोरुग्णाच्या हातून पंतप्रधानांच्या चिटणिसाचा खून झाला. त्याच्या खटल्यानंतर तेथील न्यायाधीशांनी याविषयीचे नियम ठरवून दिले. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे तत्त्व कलम ८४ म्हणून आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ते कलम २२ आहे. मनाच्या आजाराबद्दल न्यायासन तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळे प्रश्न विचारते. या तिन्हींची गल्लत करू नका.

पहिला प्रश्न : कृत्य घडले त्या क्षणी त्याला कळत होते का? आपण काय करीत आहोत, किंवा हे वाईट व बेकायदा आहे, हे मनाच्या विकारामुळे ज्याला समजतच नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. मात्र आजार आहे एवढ्यावर सुटका होत नाही. आजारी माणसालाही अनेकदा बरे-वाईट कळत असते. 'त्या घटकेला कळत नव्हते' हे दाखवावे लागते, आणि ते दाखवण्याचा भार आरोपीच्या बाजूवर असतो. १९६४ साली गुजरातमधील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भार थोडा हलका केला. आरोपीने सरकारी पक्षाइतका कडेकोट पुरावा द्यायला नको. संभव त्याच्या बाजूने झुकला तरी पुरे.

दुसरा प्रश्न : खटला चालताना त्याला स्वतःचा बचाव करता येतो का? वकिलाला धड हकीकत सांगू न शकणाऱ्यावर खटला चालवणे म्हणजे हात बांधून कुस्तीला उतरवणे. न्यायालयाने त्याची वैद्यकीय तपासणी करवावी, तो असमर्थ ठरला तर खटला थांबवावा आणि त्याच्या उपचाराची व्यवस्था लावावी, असा नियम आहे. पण थांबलेला खटला विसरला तर काय होते? आसाममधील एका आदिवासी माणसाला १९५१ साली पकडले होते. तो खटल्याविना मनोरुग्णालयात आणि तुरुंगात पडून राहिला आणि २००५ साली, चोपन्न वर्षांनी, एक रुपयाच्या जामिनावर सुटला. त्याची आठवण ठेवून पाठपुरावा करणारे कुणी नव्हते.

तिसरा प्रश्न : शिक्षा झाल्यावर तो आजारी पडला तर? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फाशीचा कैदी मनोरुग्ण झाला असेल तर ते शिक्षा सौम्य करण्याचे एक कारण होऊ शकते. २०१९ च्या एप्रिलमध्ये आपल्या महाराष्ट्रातील एक प्रकरण त्या न्यायालयापुढे आले. १९९९ साली दोन लहान मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून करणारा तो कैदी. गुन्हा घोर, तो न्यायालयाने क्षम्य ठरवला नाही. परंतु फाशीच्या कोठडीत त्याला गंभीर मनोविकार जडला होता, म्हणून फाशीऐवजी मरेपर्यंत तुरुंगवास दिला आणि त्याच्या उपचाराकडे पाहण्यास शासनाला सांगितले. त्याचे नावही निकालात दिले नाही.

कागदाचे मोल

आता पहिल्या प्रश्नाचे महाराष्ट्रातील उदाहरण मन लावून वाचा. १९९४ च्या एप्रिल महिन्यात एका पोलीस शिपायाने सकाळच्या वेळी कपडे धूत असलेल्या आपल्या पत्नीच्या डोक्यात दगड घालून तिचा जीव घेतला. कारण काय? तो नोकरी सोडू म्हणत होता, ती नको म्हणत होती. खालच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला कलम ८४ खाली निर्दोष ठरवले.

न्यायालयाने पाहिले ते असे. त्याच्या वडिलांनाही मनाचा आजार होता. त्याच्यावर स्वतःवर १९९२ पासून उपचार चालू होते. घटनेनंतर जून ते डिसेंबर या थोड्या महिन्यांत त्याला पंचवीस वेळा उपचारासाठी न्यावे लागले. दिवसाढवळ्या घडलेल्या कृत्यानंतर त्याने पळण्याचा वा लपण्याचा यत्न केला नाही. आणि खुनाला कारण म्हणावे तर ते इतके क्षुल्लक!

यातून दोन गोष्टी शिका. एक, त्याला वाचवले ते उपचाराच्या नोंदींनी. 'वेडा आहे हो' असे नुसते सांगून ते झाले नसते. दुसरी गोष्ट कडू आहे. ती बाई गेली, ती परत आली नाही. उपचार चालू असतानाही हे घडले. म्हणून औषध आणले की आपले काम संपले असे समजू नका. झोप उडणे, संशय वाढणे, गोळ्या टाकून देणे ही चिन्हे दिसताच डॉक्टर गाठा, आणि त्या काळात घरातील बायका-मुले एकट्याने त्याच्यासोबत राहणार नाहीत एवढे पाहा. त्याचबरोबर हेही पक्के ध्यानात ठेवा की, बहुतेक मनोरुग्ण कुणाला इजा करीत नाहीत. मार, उपहास आणि उपासमार त्यांच्याच वाट्याला येते.

पोलिसांवरही बंधन आहे

आपली माणसे पोलिसाला भितात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांवरही कर्तव्ये घातली आहेत. उघड्यावर भटकणारा आणि स्वतःला सांभाळू न शकणारा मनोरुग्ण दिसला तर ठाणे अंमलदाराने त्याला संरक्षणात घ्यावे आणि चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे. त्याला लॉकअपमध्ये वा तुरुंगात ठेवता येत नाही. पूर्वी काही गुन्हा नसतानाही अशा माणसांना तुरुंगात डांबत असत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि १९९३ साली ते घटनाबाह्य ठरले. तुरुंगात असलेला आरोपी मनोरुग्ण असेल तर त्याला तेथील मनोविकार विभागात वा मनोरुग्णालयात हलवण्याची तरतूदही २०१७ च्या कायद्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला ताणाखाली असलेला माणूस समजून आधार द्यावा, त्याच्यामागे खटला लावू नये, असेही तोच कायदा सांगतो.

आणि हाच कायदा आपल्यालाही बांधतो. मनोरुग्णाला साखळीने जखडण्यास त्याने मनाई केली आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले वीसहून अधिक मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले. गोठ्यातली दोरी आठवा! भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. आपण दीक्षा घेतली, देव्हारे काढले, पण घरात दुखणे आले की पाय मात्र जुन्याच वाटेने भगताकडे वळतात. ती वाट बंद करणे हाही धम्माचरणाचाच भाग आहे.

घरच्यांनी काय करावे

१. लक्षणे दिसताच जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा आणि जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे.

२. केसपेपर, औषधाची चिठ्ठी, तारखा हे सर्व एका पिशवीत जपा. मूळ कागद कुणाला देऊ नका, नक्कल द्या.

३. अटक झालीच तर पहिल्याच दिवशी पोलिसांना आणि चोवीस तासांत ज्या दंडाधिकाऱ्यापुढे नेतील त्यांना आजाराची लेखी माहिती द्या व तपासणीची मागणी करा. वर्षभराने सांगितलेले खरेही खोटे वाटते.

४. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया, कोठडीतील माणसे यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते, दूरध्वनी १५१००. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही तो हक्क आहे.

५. निर्दोष ठरला म्हणजे लगेच घरी आला असे नव्हे. न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा हुकूम देऊ शकते, किंवा सांभाळण्याची हमी देणाऱ्या नातलगाच्या स्वाधीन करू शकते. ती हमी द्यायला पुढे या. तारखांना हजर राहा.

दारूच्या नशेत केलेल्या गुन्ह्याला ही सूट मिळते का, असे कुणी विचारील. नाही. आपणहून प्यायलेल्याला कायदा मनोरुग्ण मानीत नाही. पंचशीलातील पाचवे शील येथेही आपले रक्षण करते.

शेवटी पटाचारेची आठवण करू. पती, दोन मुले, आईबाप आणि भाऊ एकापाठोपाठ गमावून ती वेडी झाली आणि विवस्त्र फिरू लागली. लोकांनी तिला ढेकळे मारली. भगवंतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले, तिच्याशी शांतपणे बोलले, आणि तिथल्या एका माणसाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. पुढे ती संघातील थोर थेरी झाली. आपल्या वाडीत, आपल्या आळीत असे कुणी फिरत असेल, तर आपल्या हातात ढेकूळ आहे की उपरणे, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. गग्ग भिक्खूला संघाने कोणता निर्णय दिला? सोंग घेणाऱ्याला तो का देता येत नाही?
२. मनोरुग्ण आरोपीबद्दल न्यायासन कोणते तीन प्रश्न विचारते?
३. आपल्या गावाहून जवळचा मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी भेटतो? पुढील वर्गापूर्वी चौकशी करून फळ्यावर लिहा.

जयभीम.