त्यांच्या टाक्यांवर भार पडू द्या

आई-बाबांनो, मुलांनी हाताने केलेल्या वस्तूंचं आपल्या घरात पुढे काय होतं, ते आठवून बघा. आईस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड शोकेसमध्ये जातो, कार्यानुभवाच्या तासाला केलेली फुलदाणी माळ्यावर जाते. आपण प्रत्येक वेळी ‘छान झालंय हं’ म्हणतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे बरोब्बर कळतं, की आपण केलेल्या वस्तूवाचून कुणाचं काही अडत नाही.

म्हणून एक वेगळी वस्तू सुचवते. घरात कॅमेरा असेल, तर त्याचा पट्टा मुलाला करू द्या. एका चिमटीत काढता येईल आणि ‘टक्’ आवाज करत पुन्हा बसेल असा. कॅमेरा तिपाईवर लावला की लोंबणारा पट्टा वाऱ्याने हलतो आणि फोटो हललेला येतो. टेबलावर ठेवला तर जाता-येता हात अडकून कॅमेरा खाली येतो. त्यामुळे सुटा होणारा पट्टा ही खरीखुरी गरज आहे.

सामान विकत आणायची घाई करू नका. जुनी ट्रेकिंगची सॅक किंवा फाटलेलं दप्तर काढा. छातीवरच्या आणि कमरेच्या पट्ट्याला प्लॅस्टिकची दाबून उघडणारी बकलं असतात, तीच हवीत. दोन जोड्या, एकाच मापाच्या. बकलाचे काटे वाकवून बघायला मुलाला सांगा. वाकलेल्या जागी पांढरी रेघ उमटली तर ते बकल बाद. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं प्लॅस्टिक असंच दगा देतं. कमी पडलं तर कोपऱ्यावरच्या बॅग दुरुस्तीवाल्याकडे मुलाला एकट्याला पाठवा.

कॅमेऱ्याच्या कडीची फट अरुंद असते, साधारण 1 सेंटिमीटर. दप्तराचा रुंद पट्टा तिच्यातून जात नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या मूळ पट्ट्याची टोकं अरुंद असतात, ती कापून घ्या. एका तुकड्याला बकलाचा काट्यांचा भाग, दुसऱ्याला खाचेचा भाग लावायचा. असं उलटसुलट का, हे लगेच सांगू नका. मोठा पट्टा काढल्यावर कॅमेऱ्याला उरलेली ही दोन टोकं एकमेकांत बसतात आणि हात घालायला आयता फास तयार होतो. हे मुलाला आपलं आपण सापडलं, की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

नायलॉनचं कापलेलं टोक मेणबत्तीशेजारी धरलं की वितळून बंद होतं. हे काम मात्र तुमच्या देखत. वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटून भाजतं, म्हणून ते चमच्याच्या पाठीने दाबायचं. सुती पट्टी वितळत नाही, जळते. तिचं टोक आत दुमडून शिवावं लागतं.

आता शिवण. पट्टा सहसा तुटत नाही, उसवते ती शिवण. मुलं सवयीने धावदोरा घालतात. तो एका जागी तुटला की सगळी ओळ सरकत निघून येते. हातटीप घातली तर प्रत्येक टाका मागच्या टाक्यावर चढतो आणि एक गेला तरी बाकीचे धरून राहतात. दाभण किंवा जाड सुई, मेण फिरवलेला नायलॉनचा दोरा, पट्ट्याची 3 सेंटिमीटर दुमड, तिच्यावर चौकोन आणि चौकोनात फुली. लांब-आखूड करायच्या कडीतून टोक एकदा ओवून थांबू नये, ते परतून पुन्हा आत घ्यावं. कॅमेरे पुष्कळदा इथूनच निसटतात.

इथवर तुम्ही मदत केलीत तरी चालेल. पुढचं काम पूर्ण मुलाचं, आणि माझ्या लेखी खरं शिक्षण तिथेच आहे. साधा कॅमेरा लेन्ससकट सातशे-आठशे ग्रॅम भरतो. आधी 1 लिटर पाण्याची बाटली लटकवा. मग 5 लिटरचा कॅन, म्हणजे 5 किलो. तो रात्रभर दाराच्या हुकाला राहू द्या. सकाळी खाली गादी घालून वीतभर उचलून सोडा, कारण हिसक्याचा ताण वजनाच्या कितीतरी पट असतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा पट्टा याच हिसक्याला उसवला. ती रडली नाही. खिडकीशी जाऊन तिने टाके निरखले, म्हणाली, “बाई, फुलीच्या मधे दोरा सैल राहिलाय,” आणि उसवायला बसली. माझ्या शाबासकीने तिला हे कधीच दिसलं नसतं. पाण्याच्या कॅनला तिची मर्जी राखायची नव्हती.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तेव्हा अशाच खऱ्या कामातून शिकण्यावर भर दिला. तिथली मुलं शिकता शिकता गावाला लागणारी कामं करतात. काम वापरात जाणार हे माहीत असलं की हात आपोआप जबाबदारीने चालतो.

एक काळजी मात्र घ्या. हे बकल हिसका बसला म्हणून आपोआप सुटत नाही, बोटांनी दाबावंच लागतं. झोपाळ्यावर, घसरगुंडीवर, झाडावर चढताना पट्टा गळ्यात नको. लहान भावंडांना तर गळ्यात पट्टा देऊच नका, मनगटातला फास पुरे.

पट्टा कसोटीला उतरला, की मूल सांगेल त्या दिवशी खरा कॅमेरा त्या पट्ट्यावर जाऊ द्या. दुसरा एखादा तयार पट्टा ‘असू दे बरोबर’ म्हणून पिशवीत टाकू नका. महिन्याची तपासणीही मुलाकडेच ठेवा. कधी एखादा टाका सैल दिसला तर रात्री गुपचूप शिवून टाकू नका. पट्टा काढून त्याच्या टेबलावर ठेवा, आणि तो शिवेपर्यंत कॅमेरा कपाटात राहू दे.