तलावात मीठ टाकले, म्हणजे काम झाले का?

एका मे महिन्यात आठवडाभरात सात-आठ मुले माझ्या दवाखान्यात एकच तक्रार घेऊन आली. कान ठणकतो आणि कानाला हात लावू देत नाही. दोघांच्या अंगावर, पोहण्याच्या चड्डीखाली, लाल पुरळ उठले होते. सर्दी नव्हती, ताप जेमतेम होता. चौकशी केली तेव्हा सगळी मुले एकाच वसाहतीतील निघाली आणि सगळी रोज तिथल्या तलावात पोहत होती.

न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि हा परिसर बदलू लागला. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा हा अटल सेतू खुला झाला. आता उलवे, द्रोणागिरी, पनवेल भागात मोठमोठी संकुले उभी राहत आहेत आणि अनेक संकुलांत पोहण्याचा तलाव असतो. आमच्या पिढीने विहिरीत आणि खाडीत पोहणे शिकले. आजची मुले तलावात शिकतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण तलावाचे पाणी वाहत नाही. तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा पुन्हा वापरले जाते. म्हणून त्याची काळजी घ्यावी लागते.

मी त्या वसाहतीच्या सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या तलावात क्लोरीन नाहीच. आम्ही मिठाचं मशीन बसवलंय. सगळं नैसर्गिक!"

हा गैरसमज फार लोकांचा आहे. म्हणून आज त्यावरच लिहीत आहे.

मिठाचे यंत्र करते काय?

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग. मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला की क्लोरीन तयार होतो. शाळेत शिकलेले हेच विद्युत अपघटन. यंत्राच्या नळीत टायटॅनियमच्या लेप दिलेल्या पट्ट्या असतात. पंपाने फिरणारे पाणी त्यांच्यामधून जाते, क्लोरीन तयार होतो आणि पाण्यातच विरघळून जंतू मारतो. काम झाले की त्याचे बहुतांशी पुन्हा मीठ होते. म्हणून मीठ सहसा लवकर संपत नाही. आपल्या बंदरात येणाऱ्या अनेक जहाजांवरही हीच युक्ती वापरतात. तोल राखण्यासाठी जहाजे पोटात समुद्राचे पाणी भरून आणतात. त्यातील परके जीव दुसऱ्या किनाऱ्याला जाऊ नयेत म्हणून सप्टेंबर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करार लागू आहे आणि ते पाणी शुद्ध करण्याची एक पद्धत हीच आहे.

तेव्हा मिठाचा तलाव हा बिनक्लोरीनचा तलाव नव्हे. तिथे क्लोरीन पिशवीतून येत नाही, जागेवर बनतो, एवढाच फरक. आणि तो बनतो की नाही, हे कुणीतरी रोज मोजायला हवे.

मीठ किती आणि कोणते?

बहुतेक यंत्रांना लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ लागते. समुद्रात सुमारे ३५ ग्रॅम असते आणि आम्ही रुग्णाला लावतो त्या सलाईनमध्ये ९ ग्रॅम. म्हणजे तलावाचे पाणी सलाईनच्या निम्म्याहूनही कमी खारट असते.

हिशेब करून पाहू. तलाव २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.६ मीटर खोल असेल, तर त्यात ५ लाख लिटर पाणी मावते. लिटरला साडेतीन ग्रॅम धरले तर १,७५० किलो, म्हणजे ५० किलोच्या ३५ गोणी मीठ लागेल.

रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापक मित्राला घेऊन मी त्या तलावावर गेलो. तलाव सांभाळणारे गृहस्थ इथलेच, मिठागरावर राबलेल्या घरातले. त्यांनी अभिमानाने सांगितले, "आपल्या आगरातलं मीठ टाकलंय, डॉक्टर. बाहेरचं कशाला?" त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण घोटाळा तिथेच झाला होता. आगरातल्या कच्च्या मिठात चिखलाचा अंश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. त्याची पांढरी पुटे यंत्राच्या पट्ट्यांवर बसतात. आम्ही नळी उघडली तेव्हा दोन पट्ट्यांमधली फट बुजत आली होती. यंत्रावरचा हिरवा दिवा मात्र चालू होता. मित्राने पाणी तपासले तर क्लोरीन जवळजवळ शून्य!

तलावासाठी शुद्ध केलेले, ९९ टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे, आयोडिनविरहित मीठ घ्यावे. ते थोडे थोडे पसरून टाकावे, पंप चालू ठेवावा आणि पूर्ण विरघळेपर्यंत, साधारण एक दिवस, यंत्र बंद ठेवावे.

रोज काय मोजायचे?

पहिली गोष्ट मुक्त क्लोरीन. तो लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम असावा. ग्रामपंचायतीत पिण्याच्या पाण्याला वापरतात ती पिवळ्या रंगाची ओ.टी. चाचणी इथे पुरेशी नाही, कारण मुक्त क्लोरीन आणि घामा-लघवीशी जोडला गेलेला क्लोरीन यांतला फरक तिच्यात नीट कळत नाही. गुलाबी रंग देणारी डी.पी.डी. चाचणी वापरावी.

दुसरी गोष्ट पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता. तो ७.२ ते ७.८ च्या दरम्यान हवा. मिठाच्या यंत्राने पीएच हळूहळू चढतो, हा त्याचा स्वभावच आहे. पीएच साडेसात असताना सुमारे निम्मा क्लोरीन जोमदार असतो. तो आठवर गेला की जेमतेम पाव भाग उरतो. म्हणजे क्लोरीन असूनही जंतू मरत नाहीत.

तिसरी गोष्ट पंपाचे तास. पंप बंद तर यंत्र बंद. ५ लाख लिटरमध्ये लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन वाढवायला अर्धा किलो क्लोरीन लागतो. ताशी ५० ग्रॅम बनवणाऱ्या यंत्राला त्यासाठी १० तास लागतील. घरगुती तलावाचे यंत्र मोठ्या तलावाला बसवले तर मे महिन्याच्या गर्दीत ते पुरे पडत नाही.

उघड्या तलावावर उन्हाने क्लोरीन काही तासांत उडून जातो. त्यासाठी सायन्युरिक आम्ल लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम ठेवतात. त्याहून जास्त झाले की क्लोरीन मंदावतो.

महिन्यातून एकदा

वीज पूर्ण बंद करून पट्ट्या पाहाव्यात. पुट असेल तरच सौम्य आम्लाने धुवावे. वरचेवर धुतल्याने लेप झिजतो आणि लोखंडी वस्तूने खरवडले तर पट्टी कायमची जाते. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. चष्मा व हातमोजे घालून हे काम उघड्यावर करावे. आम्ल आणि टीसीएल पावडर एकाच बादलीत कधीही येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. अशा एका कामगाराला काही वर्षांपूर्वी मी रात्रभर प्राणवायूवर ठेवलेले पाहिले आहे.

पंपाचा प्रवाह थांबला की यंत्र आपोआप बंद झाले पाहिजे, कारण पट्ट्यांवर क्लोरीनबरोबर हायड्रोजनही तयार होतो. तो नळीत साठणे धोक्याचे असते. ही सोय चालते का, ते तपासून घ्यावे.

पावसाळ्यात मीठ पुन्हा मोजावे. आपल्याकडे वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे तलावाच्या खोलीपेक्षा जास्त! तलाव भरून वाहतो आणि मीठ त्याबरोबर जाते. गाळणी धुतल्यावरचे खारे पाणी बागेत किंवा शेताकडे सोडू नये. खारबंदिस्ती फुटली की भातशेतीचे काय होते, हे आपल्या तालुक्याला वेगळे सांगायला नको.

पालकांनी काय करावे?

मुलांना तलावात उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ घाला. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो, तो क्लोरीन जास्त झाल्याचा नव्हे, तर बहुधा घाम आणि लघवी त्यात मिसळल्याचा. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात पाठवू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. जुलाब थांबल्यावरही काही दिवस थांबा. पोहून झाल्यावर कान बाहेरून कोरडे करा, काडी घालू नका. दुखऱ्या कानात तेल तर मुळीच टाकू नका. डॉक्टरांना दाखवा.

त्या वसाहतीने तलाव काही दिवस बंद ठेवला. पट्ट्या धुतल्या, मीठ बदलले, तोवर बाहेरून क्लोरीन देऊन पाणी शुद्ध केले. मुलांचे कान औषधाने बरे झाले. आता तलावाच्या दारावर एक वही टांगलेली आहे. सकाळ-दुपार-संध्याकाळ क्लोरीन, पीएच आणि पंपाचे तास त्यात लिहिले जातात. लिहितात तेच गृहस्थ. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, आता दिव्यावर विश्वास नाही, वहीवर आहे."

आपल्या वसाहतीतही अशी वही आहे का, हे विचारा. नसेल तर आग्रह धरा. आणि आज वहीत काही लिहिलेले नसेल, तर मुलांना आज पोहायला पाठवू नका.